सहा बाटल्या, एक किडनी

"गाठ किडनीतच आहे आणि ती साधी दिसत नाही," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आमचे हे मोटरसायकलची चावी बोटावर फिरवत बसले होते. ऐकूनही ती फिरायची थांबली नाही. मीच हात धरून थांबवली.

"रीनल सेल कार्सिनोमा असण्याची शक्यता जास्त आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. किडनीच्या स्वतःच्या पेशींतून वाढणारा कॅन्सर, असा त्याचा अर्थ. ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मुतखडा नाही?" डॉक्टर म्हणाले, "खडा असता तर मीच पेढे मागितले असते." पेढे हा शब्द ऐकून ह्यांनी मान का खाली घातली, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मी हे कुणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणारे गल्लीत पुष्कळ असतात. ज्या बाईचा नवरा कंपनीत आहे, दरवर्षी ज्याचं मेडिकल होतं आणि जो घरी येऊन "सगळं ओके" एवढंच सांगतो, तिच्यासाठी लिहितेय. तिने हे वाचावं आणि मग नवऱ्याला नीट समोर बसवून चार प्रश्न विचारावेत.

आम्ही मूळ लातूरकडचे. भोसरीत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार झाला, मुलगी वाढली, लग्न होऊन मारुंजीला गेली. हे चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत वेल्डिंग लाइनवर, कॉन्ट्रॅक्टवरच. नाव दत्तात्रय, पण लाइनवर सगळे आण्णा म्हणतात. मी इथेच एका वर्कशॉपमध्ये तयार झालेले पार्ट तपासायला बसते. आण्णा म्हणजे देवमाणूस, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. देवमाणसाशी संसार करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की बाई, तुझं कसं चाललंय.

सुरुवात झाली ती लाल लघवीने. ह्यांनी सांगितलं नाही, मला संडासात दिसलं. विचारलं तर म्हणाले, बीट खाल्लं होतं. आमच्या घरात बीट येत नाही. ह्यांना आवडत नाही म्हणून मी कधी आणलंच नाही. चार दिवसांनी पुन्हा तसंच दिसलं, मग म्हणाले उष्णता असेल, मग म्हणाले खडा असेल.

खडा म्हटल्यावर सगळे डॉक्टर झाले. घरमालकीण आक्का, जुन्या भोसरीतल्या, त्यांनी कुंडीतली पानफुटीची पानं तोडून दिली. "रोज सकाळी दोन खायाची. आमच्या थोरल्याचा खडा असाच पडला, न्हाई तर इचार त्याला." मी कुळथाचं कढण सुरू केलं. लाइनवरच्या पोरांनी बिअर सुचवली. आमच्या माणसाने आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही, त्याचा ह्यांना कोण अभिमान.

आणि प्रत्येक जण एकच विचारायचा, दुखतं का? दुखत नव्हतं. मग काही नाही, असं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. मीही त्यांच्यातलीच. पुढे डॉक्टरांनी सांगितलं ते ऐका आणि भिंतीवर लिहून ठेवा. लघवीतून रक्त जातंय आणि दुखत नाही, तर खुश व्हायचं नाही, जास्त घाबरायचं. खडा बोंब मारतो. ही गाठ गुपचूप वाढते.

सोनोग्राफीत गाठ दिसली, मग सीटी स्कॅन झाला. शिरेतून एक औषध सोडतात, कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याला. अंग एकदम गरम होतं आणि लघवी झाल्यासारखी वाटते. होत नाही, फक्त वाटते, तेव्हा घाबरू नका. रक्तात क्रिएटिनिन बघतात. किडनी कचरा नीट बाहेर टाकतेय का, ते त्याच्यावरून समजतं. छातीचाही स्कॅन केला, कारण हा कॅन्सर पसरला तर फुप्फुसांत लवकर जातो. तिथे काही नव्हतं. त्या आठवड्यातली चांगली बातमी म्हणून सांगायची तर ती एवढीच.

मग एक डीटीपीए स्कॅन. कुठली किडनी किती काम करते, हे वेगवेगळं दाखवणारा. डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट पुन्हा वरपासून वाचला. म्हणाले, "उजवी आधीपासून थोडी कमजोर आहे. ह्यांचं बरंचसं काम डावीच करते." गाठ डावीत होती.

मला हसू आलं, खरंच आलं. ह्या माणसाची किडनीसुद्धा ह्याच्यासारखीच निघाली, दुसऱ्याचं काम ओढणारी.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सहज विचारलं, "कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं ना? मागच्या वर्षी लघवीत काही निघालं नव्हतं?"

हे म्हणाले, "निघालं होतं. पण तो रिपोर्ट चुकीचा होता."

"चुकीचा कशावरून?"

"लॅबचीच चूक होती साहेब. सिद्ध झालं होतं तसं."

डॉक्टरांनी विषय सोडला. मी सोडणार नव्हते. बाहेर आल्यावर मोटरसायकल चालू करू दिली नाही. पार्किंगमध्ये उभं करून विचारलं, कुठला रिपोर्ट, कसलं सिद्ध झालं. तेव्हा तुकड्या तुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं.

कॉन्ट्रॅक्टच्या माणसाच्या मेडिकलमध्ये साखर निघाली, काही निघालं, की पुढच्या वेळी त्याला बोलावतील याची खात्री नसते. उघड कुणी काढत नाही, नुसतं बोलावत नाहीत. म्हणून ह्यांच्या लाइनवर एक रीत पडली होती. मेडिकलच्या दिवशी बाटल्या वाटल्या की ज्यांना धाकधूक आहे ते आपली बाटली आण्णांकडे द्यायचे. आण्णा निर्व्यसनी, साखर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही. आण्णांची लघवी म्हणजे गंगाजल. सकाळपासून ह्यांना पाणी पाजायचे, लिंबू सरबत आणून द्यायचे, आणि हे बाथरूममध्ये जाऊन सगळ्यांच्या बाटल्या भरून द्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

मागच्या वर्षी पाच जणांच्या भरल्या, सहावी स्वतःची. आणि सहाही रिपोर्टवर एकच शेरा आला, लघवीत रक्ताच्या पेशी आहेत, सोनोग्राफी करून घ्यावी.

पाची जण हादरले. एकेकाने जाऊन सोनोग्राफी केली. पाची जणांची स्वच्छ आली. मग सगळ्यांनी मिळून हिशेब लावला की रिपोर्टच खोटा, लॅबचं मशीन बिघडलं असणार. पाच जण ठणठणीत निघाले, मग सहाव्याने कशाला उगाच जायचं? हे गेले नाहीत. सावंत म्हणून ह्यांचा जोडीदार आहे, रत्नागिरीकडचा. त्याने तर लाइनवर पेढे वाटले.

"तुम्ही खाल्ला?" मी विचारलं.

"खाल्ला. तुलाही आणला होता घरी."

आठवला मला. कागदात गुंडाळलेला, जरा चेपलेला. कसले पेढे विचारलं तेव्हा म्हणाले होते, सावंतची तब्येत चांगली निघाली. मी म्हटलं होतं, बरं झालं बाई. आणि खाल्ला.

आमच्या वर्कशॉपमध्ये सहा पार्टवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला तर आम्ही मोजायच्या गेजला दोष देत नाही. सहाही पार्ट ज्या एका डायमधून, म्हणजे साच्यातून, निघाले ती उघडून बघतो. कालपरवा लागलेल्या पोरीलाही एवढं कळतं. आणि ही सहा बाप्ये माणसं, एकालाही सुचू नये की अरे, लघवी तर सगळी एकाच माणसाची होती? मला राग कॅन्सरचा नव्हता. कॅन्सरला काय अक्कल असते. मला राग त्या पेढ्याचा होता आणि तो आजही आहे.

"तुमच्याही डोक्यात आलं नाही?" मी विचारलं. म्हणाले, "आलं होतं एकदा. पण मग सांगावं लागलं असतं ना, सगळ्यांचं." एवढं बोलून त्यांनी हेल्मेट घातलं.

आता ऑपरेशनचं सांगते, कारण ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना हेच लागणार आहे. ह्या कॅन्सरला नेहमीची केमोथेरपी सहसा लागू पडत नाही, म्हणून गाठ किडनीपुरती असेल तर ऑपरेशन हाच मुख्य इलाज. त्याचे प्रकार दोन. रॅडिकल नेफ्रेक्टमी, म्हणजे अख्खी किडनी भोवतालच्या चरबीसकट काढायची. आणि पार्शल नेफ्रेक्टमी, म्हणजे फक्त गाठ काढायची, तिच्या कडेची थोडी चांगली जागा घेऊन, आणि उरलेली किडनी शिवून ठेवायची. गाठ अगदी लहान असेल आणि माणूस ऑपरेशन सोसणारा नसेल तर सुई घालून जाळतात किंवा गोठवतात. आमची गाठ सात सेंटीमीटरची, त्यामुळे तो विषयच नव्हता. आधी तुकडा काढून तपासत का नाहीत, हे मीही विचारलं. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये इतकं स्पष्ट दिसत असेल तर बहुतेक वेळा गरज नसते, काढल्यावर सगळीच तपासायला जाते.

आणि आत शिरायचे रस्ते तीन. ओपन, म्हणजे कुशीत मोठा छेद. लॅप्रोस्कोपी, म्हणजे छोट्या भोकांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून. आणि रोबोटिक.

रोबोट म्हटल्यावर आमचे हे पहिल्यांदा सरळ बसले. "रोबोट? आमच्या लाइनवरचा दिवसातून दोनदा अडकतो. मग मी जाऊन रिसेट मारतो. इथे कोण मारणार?" डॉक्टर हसले आणि समजावून सांगितलं की इथला रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन बाजूला बसून हातांनी चालवतो, रोबोट फक्त त्याचे हात बारीक जागेत पोचवतो. हे म्हणाले, "मग ठीक. माणूस आहे ना मागे."

पहिल्या डॉक्टरांचं मत सरळ होतं, अख्खी काढा. गाठ मोठी आणि आतल्या बाजूला, जिथून रक्तवाहिन्या किडनीत शिरतात तिथपर्यंत आलेली. त्या जागेला हायलम म्हणतात, किडनीचं दारच समजा. मुलीने दुसरं मत घ्यायला लावलं. तुम्हीही घ्या, कुठलाही चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्कॅन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "उजवी कमजोर आहे, म्हणून डावीचा जेवढा भाग वाचेल तेवढा हवा. मी रोबोटने पार्शलचा प्रयत्न करीन. पण किडनीचं रक्त थोडा वेळ बंद करून भराभर कापावं आणि शिवावं लागतं. आत गेल्यावर गाठ दारालाच चिकटलेली दिसली तर अख्खी काढीन. अर्धी किडनी वाचवायला मी पेशंट गमावणार नाही."

मी विचारलं, "वर्षभर आधी आलो असतो तर?"

त्यांनी पेन ठेवलं. "लहान असती. कडेलाच असती बहुतेक. नुसती गाठ काढून किडनी ठेवता आली असती. पण आता ते बोलून काय उपयोग?"

उपयोग नव्हताच. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, ह्यांच्या देखत. हे खिडकीबाहेर बघत होते.

एक किडनी गेली तरी माणूस जगतो, हे मला तेव्हा शंभर जणांनी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "व्हय, येक जाईल, पर येक हाय की." हाय की, पण कसली हाय? काठावर पास झालेली. ती थकली तर डायलिसिस. आठवड्यातून दोनतीनदा मशीनला बांधून घेणारा माणूस वेल्डिंग लाइनवर कोण ठेवणार? म्हणून माझा सगळा जीव त्या अर्ध्या किडनीत अडकला होता.

ऑपरेशनच्या दिवशी दोन्हींसाठी सह्या घेतल्या, अर्धीसाठी आणि अख्खीसाठी. वेटिंग रूममध्ये टीव्हीवर आवाज बंद करून स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला होता. नातेवाइकांची नावं पुकारायचे तेव्हा सगळ्या खुर्च्या एकदम हलायच्या. दुपार झाली, डबा तसाच राहिला. मुलगी म्हणाली, वेळ लागतोय म्हणजे अर्धी वाचवताहेत. मी तेच धरून बसले.

मग आमचं नाव आलं. दाराच्या आतल्या बाजूला डॉक्टरबाई उभ्या, मास्क खाली ओढलेला, आणि शेजारी एक मावशी स्टीलचा ट्रे घेऊन. बाई म्हणाल्या, "प्रयत्न केला. गाठ दाराच्या शिरेला चिकटलेली होती. अख्खी काढावी लागली. पेशंट चांगले आहेत. बघून घ्या."

आपल्याकडे नातेवाइकांना काढलेला भाग दाखवतात. का दाखवतात कोण जाणे, खात्री पटावी म्हणून असेल. मी बघितलं. गाठ पिवळट होती आणि किडनीपेक्षा तीच मोठी दिसत होती. उरलेला भाग छान होता, गुळगुळीत, तजेलदार. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मुलगी मागे सरकली. मी ट्रेवरचं कापड नीट करायला हात पुढे केला, तशी मावशी म्हणाली, "हात नका लावू ताई." तिथे मी रडले, वॉर्डात नाही रडले.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं, "अर्धी राहिली का?" मी मान हलवली, नाही म्हणून. हे म्हणाले, "बरं." फक्त बरं. मला वाटलं गदागदा हलवावं ह्या माणसाला, पण नळ्या होत्या सगळीकडे.

पुढचे दिवस माझे डोळे पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीवर. एकट्या उजवीने किती काम केलं, ते नर्स येऊन लिहून घेत. उजवी बापडी करत होती. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, कॅन्सरच होता, पण कडा साफ. म्हणजे कापलेल्या रेषेवर कॅन्सरची पेशी नाही, मागे काही राहिलेलं नाही. सध्या औषध नको, ठरल्या वेळी स्कॅन, मीठ कमी, बीपीवर लक्ष, आणि अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. एका किडनीच्या माणसाला ती गोळी महागात पडते.

लाइनवरचे पाची जण शहाळी घेऊन भेटायला आले. पलंगाभोवती रांगेत उभे. सावंत म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगा."

"लागलं होतं," मी म्हटलं. "मागच्या वर्षी लागलं होतं. तेव्हा तुम्ही पेढे वाटले."

हे पलंगावरून म्हणाले, "अगं, राहू दे ना." बाकीचे चौघे शहाळ्यांकडे बघायला लागले. सावंत तेवढे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, माझी सोनोग्राफी चांगली आली तेव्हा मला एवढंच सुचलं की मी वाचलो. पुढचं काय सुचलंच नाही." इतकं खरं बोलल्यावर त्या माणसाला पुरत्या शिव्याही देता येईनात. मी शहाळी कोपऱ्यात ठेवली आणि त्यांना बसा म्हटलं नाही.

हे कामावर परत गेले. वेल्डिंग बंद झालं, स्टोअरमध्ये बसवलं. आभार मानायचेच तर मी त्या डॉक्टरबाईंचे मानते, ज्यांनी खोटी आशा दिली नाही, आणि त्या कमजोर उजव्या किडनीचे मानते. बाकी कुणाचे मानायला माझ्याकडे सध्या शिल्लक नाहीत.

मग पुन्हा मेडिकलचा दिवस आला. मी सकाळी डबा देताना म्हटलं, "आज आपल्या नावाची तेवढीच." हे डबा घेऊन निघाले. संध्याकाळी येऊन सांगितलं की सावंत रिकामी बाटली घेऊन शेजारी उभे राहिले होते. मागितलं काही नाही, नुसते उभे राहिले. हे त्यांना म्हणाले, "सावंत, माझ्या बाटलीवर आता तू पास व्हायचा नाहीस." मग ज्याने त्याने आपापली भरली.

सावंतांच्या लघवीत साखर निघाली. मग रक्त तपासायला लावलं, त्यातही भरपूर निघाली. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टरने त्यांना बोलावलं नाही.

रविवारी त्यांची बायको आमच्या दारात आली. यापूर्वी हळदीकुंकवालाच काय ती यायची. उंबऱ्यातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण आण्णांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगून एक बाटली भरवून दिली असती तर काय बिघडलं असतं? साखर काय, घराघरांत आहे. आता ह्या वयात ह्यांना कोण घेणार?"

हे आत कॉटवर होते. ऐकत होते आणि उठायला लागले, समजूत घालायला. मी हातानेच त्यांना बसवलं.

इतके महिने जे कुणावर तरी ओरडायचं म्हणून जमवून ठेवलं होतं, ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण तिच्या हातात औषधांची पिशवी होती, साखरेच्या गोळ्यांची. सुरू केल्या होत्या म्हणजे. मी तिचा हात धरून तिला आत घेतलं.

"तुझ्या नवऱ्याचं दुखणं त्याच्या नावावर सापडलंय," मी तिला म्हटलं. "गोळी घेईल, दुसरीकडे काम बघेल. आमच्या ह्यांचं तर एकाच दिवशी सहा वेळा सापडलं होतं. त्यातलं पाच वेळा दुसऱ्यांच्या नावावर, म्हणून सहाव्यांदा कुणी खरं मानलं नाही."

ती कॉटवर बसलेल्या ह्यांच्याकडे बघत राहिली. मग पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली. मी चहा टाकला.